आर्वीची अरबी

“आई, मी पाणी प्याले जातो,” रीना खुर्चीवरून उतरत म्हणाली.

“जाते,” शर्मिष्ठा वहीतून मान वर न करता म्हणाली. “मुलगी आहेस ना? मी प्यायला जाते.”

“आजी तर जातो म्हणायची.”

“आजीचं चुकायचं. मस्कतला गेल्यावर तुला मराठी कोण शिकवणार आहे? आत्ताच नीट बोल.”

टेबलाच्या पलीकडे उदयरावांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांची बायको, कुमुद, दिवाळीच्या आधी गेली. तिच्या साड्या वाटून झाल्या होत्या. घरात तिचं बोलणं तेवढं उरलं होतं, तेही नातीच्या तोंडात. आता तेही पुसलं जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण सून पुण्याची, शिकलेली. व्याकरणावर तिच्याशी काय भांडणार? त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली.

“चलिए, अंकल,” नजमा टीचर म्हणाल्या. “वो जाता है?”

मुलगा शिशिर मस्कतला नोकरीला होता. एप्रिलमध्ये हे तिघंही तिकडे जाणार, म्हणून टीचर तेलीबांधा भागातल्या या फ्लॅटवर अरबी शिकवायला येत. मराठी त्यांना कळत नव्हती.

“तज़्हबु,” उदयराव म्हणाले.

“वो तो ‘वो जाती है’ हो गया.”

“बाबा, यज़्हबु,” शर्मिष्ठा म्हणाली. “य लागला की तो, त लागला की ती.”

उदयरावांनी मान हलवली. नोकरी सगळी रेल्वेत गेली होती, म्हणून त्यांनी ते आपल्या परीनं बसवलं होतं. ज़, ह, ब हे तीन डबे. ते कायम तेच. पुढचं इंजिन बदलतं आणि कोण चाललं ते कळतं. एवढं समजलं होतं. कोणतं इंजिन कोणाचं, तिथे गाडी अडायची.

शर्मिष्ठाचा तक्ता मात्र भरत आला होता. तो जातो, ती जाते. तू जातोस, तू जातेस. शेवटी तिनं ‘मी’ लिहिलं आणि त्याच्यापुढे दोन घरं आखली, एक पुरुषाचं, एक बाईचं. पहिल्यात लिहिलं अज़्हबु. दुसऱ्यापाशी जरा थांबली. मग लिहिलं अज़्हबीन.

टीचरनी वाकून पाहिलं. “ये क्या है?”

“मैं जाती हूँ. ‘तू जाती है’ का तज़्हबीन, तो ‘मैं जाती हूँ’ का अज़्हबीन.”

“ऐसा कुछ नहीं होता, बेटा. ‘मैं’ का एक ही है. अज़्हबु.”

“वो तो आदमी का हुआ.”

“आदमी का भी, औरत का भी.”

शर्मिष्ठाला ते पटलं नाही. “फिर पता कैसे चलेगा कि औरत बोल रही है?”

टीचर हसल्या. “बोलने वाली सामने खड़ी है. दिख रही है. बताना किसको है?”

शर्मिष्ठानं खोडरबर शोधायला घेतला. उदयराव टीचरकडे बघत राहिले.

“एक मिनट, टीचर,” ते म्हणाले. “मतलब वहाँ की औरत और आदमी, दोनों एक ही बोलेंगे?”

“जी.”

“कोई टोकेगा नहीं?”

“टोकेंगे तो तब, अंकल, जब दूसरा कुछ बोलेगी.”

उदयराव खुर्चीत मागे टेकले. मग सुनेकडे वळले.

“ऐकलं का, शर्मिष्ठा? तुझी सासू काही चुकून नव्हती राहिली. अरबी बोलून राहिली होती.”

“बाबा, काहीतरीच.”

“काहीतरीच काहून? माहेर कुठलं तिचं? आर्वी. आर्वीची अरबी. तिच्या गावच्या साऱ्या बाया मी जातो, मी येतो म्हणतात. समोर उभी असते ना बाई, दिसते. सांगाचं कोणाले?”

शर्मिष्ठाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण नीट दाबलं गेलं नाही.

रीना पाणी पिऊन आली होती. हनुवटी ओली. टीचरनी तिला जवळ ओढलं. “तू बोल, गुड़िया. मैं जाती हूँ.”

“अज़्हबु.”

“शाबाश. अब तुम्हारी मराठी में?”

रीनानं आधी आईकडे पाहिलं. मग आजोबांकडे. आजोबा टेबलावरच्या एका डागाकडे बघत होते. डाग बोटानं पुसत होते, तो निघत नव्हता.

“मी जातो,” रीना हळूच म्हणाली.

शर्मिष्ठाची मान झटकन वर झाली. टीचरना वाटलं, पोरीचं चुकलं. त्यांनी शर्मिष्ठाला विचारलं, “ठीक बोली ना? मराठी में औरतें यही बोलती हैं?”

खोडरबर शर्मिष्ठाच्या हातात होता. वहीतलं ते दुसरं घर अजून तसंच होतं. तिनं ते खोडलं. घराच्या मधली रेघही खोडली. कागदावरचा चुरा फुंकला.

“हमारे घर में बोलती हैं,” ती म्हणाली.

उदयराव उठून उभे राहिले. वही बंद. “टीचर, अब मेरा सुनिए,” म्हणाले, आणि सुरुवातीपासून म्हणायला लागले. यज़्हबु, तो. तज़्हबु, ती. कुठेच अडले नाहीत. आवाज चढत गेला. स्टेशनच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक द्यावी तसा. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

“अंकल, थोड़ा धीरे,” नजमा टीचर म्हणाल्या.

पण ते ‘मी’पाशी पोचले होते.