पोट घासणार नाही

मिस्त्रीने जॅक काढला आणि पिकअप नव्या चाकांवर बसली. बसली म्हणजे काय, उभीच राहिली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, पुढे स्प्रिंगवर जाड चकत्या, आणि टायर असे की शेजारच्या ट्रकलाही हेवा वाटावा. गाडीचा मालक सवयीने वाकून खाली बघायला गेला. आता फार वाकावंही लागत नव्हतं.

"अख्खी बादली जाईल खालून," मिस्त्री म्हणाला. "पण एक ध्यानात ठेवा. उंच केली म्हणून ती फोर-व्हील होत नाही. जोर मागच्या दोन चाकांचाच. चिखलात घाई करायची नाही. पोट मात्र घासणार नाही, हा माझा शब्द."

मालकाला तेवढंच हवं होतं. दवाखान्याकडचा रस्ता खणून ठेवलेला, रिक्षावाले त्याचं नाव काढलं की मान फिरवायचे, रुग्णवाहिका खड्ड्यांच्या पलीकडेच थांबायची. मागच्या खेपेला हीच गाडी मधोमध दगडावर बसली आणि बायकोचं डायलिसिस चुकलं. तिचे पाय सुजून चपलेत मावेनात. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, आता चुकवू नका, पाणी छातीत भरेल. मग त्याने गाडी इथे आणली आणि मिस्त्रीच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं.

आज डायलिसिसचा वार, म्हणून बायको गॅरेजच्या दारात बाकावर येऊन बसली होती. घर मागच्याच गल्लीत, तरी इथवर यायला तिला दम लागला होता.

"चल," तो म्हणाला. "बघ तरी कशी झालीय."

ती उठली, गाडीपाशी आली, आणि उघड्या दाराकडे पाठ करून उभी राहिली. दुखणं आल्यापासून ती अशीच बसायची. आधी सीटवर टेकायचं, मग हाताने एकेक पाय उचलून आत घ्यायचा. ती मागे टेकली. सीट तिच्या पाठीला लागली, खांद्यांच्या जरा खाली.

नवऱ्याने गाडीचं पोट मोजलं होतं, टायर मोजले होते, खड्डे मोजायला तर काठी घेऊन गेला होता. बायकोला मोजायचं तेवढं राहून गेलं. जीव तिच्यावरच होता बिचाऱ्याचा, डोकं मात्र रस्त्यावर होतं.

मिस्त्रीने स्टूल आणलं. ती कशीबशी स्टुलावर चढली, पण दाराजवळची मूठ डाव्या हाताला, आणि डायलिसिसच्या सुया टोचतात तो हातही डावाच. त्या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नाही, अशी सक्त ताकीद. नवऱ्याने मागून काखेत हात घालून तिला उचलायला घेतलं. "सोडा," ती हळूच म्हणाली. इतक्या हळू की त्याने घाबरून सोडलं.

"परत खाली घ्या गाडी," तो मिस्त्रीला म्हणाला.

"घेतो. पण दिवस जाईल. आणि खाली घेतली की परत दगडावर बसेल."

इकडे आड, तिकडे विहीर. नवरा टायरला लाथ मारायला गेला आणि मारली नाही. टायरचा काय दोष?

"त्या बाजूने बघू या," बायको म्हणाली. "तिकडे स्टिअरिंग आहे. उजव्या हाताने धरता येईल."

दोघांनी स्टूल पलीकडे नेलं. तिने उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबली. "मिस्त्री, लाजत काय बसलात? द्या धक्का." मिस्त्रीने धक्का दिला, नवऱ्याने तिचा दुसरा पाय धरून वर सरकवला, आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन पडली. नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने मिस्त्रीच्या तेलकट हातात हात दिला.

"आता सरक पलीकडे," तो म्हणाला.

इथेच घोडं पेंड खात होतं. मध्ये गिअरचा दांडा. सुजलेला पाय त्यावरून जाईना आणि गुडघा स्टिअरिंगखालून निघेना. नवऱ्याने पलीकडच्या दाराने हात घालून ओढून पाहिलं. तिचा श्वास वर वर येऊ लागला, तसा त्याने हात काढून घेतला.

"खाली उतरतेस? परत पहिल्यापासून बघू."

"उतरवलंत तर मी परत चढणार नाही," ती म्हणाली. "अंगात नाही तेवढं."

मिस्त्री स्टूल हातात धरून उभा होता. ते खाली ठेवावं की नाही, हेही त्याला सुचत नव्हतं. नवऱ्याने गाडीला एक फेरी मारली आणि तो पुन्हा तिच्या दारापाशी आला. त्याला रडू येत होतं आणि ते मिस्त्रीसमोर येऊ द्यायचं नव्हतं.

"अहो," ती वरून म्हणाली. "जा, पलीकडे बसा. मी नेते."

"तुला कुठे येते गाडी?"

"नाही येत. पण तुम्ही तरी खाली उभे राहून काय करताय?"

तो वळसा घालून गेला आणि तिच्या शेजारच्या सीटवर चढून बसला. इतक्या उंचावरून गॅरेजच्या भिंतीपलीकडचा खणलेला रस्ता थेट वळणापर्यंत दिसत होता. तिने मान ताठ करून तिकडे पाहिलं. किल्ली त्याच्या हातात होती. तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते.