चित्र नसलेला भाग

“आता काय झालं?” आत्याने विचारलं आणि लगेच ओठ मिटून घेतले. आज एकही प्रश्न विचारायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

“काही नाही गं ताई, एक हिरवं आलंय,” भाऊ म्हणाला.

“बाबा, चित्र काळंपांढरं आहे,” भाची म्हणाली. “हिरवं कुठे दिसलं तुम्हाला?”

“हिरवंच असणार. भोपळ्याला पाय फुटल्यासारखं दिसतंय.”

भावजय हसायला लागली. तेवढ्यात टीव्हीत कुणीतरी किंचाळलं, काहीतरी धाडकन आदळलं आणि भोपळ्याने नेमकं काय केलं ते आत्याला कळलं नाही. भाचीने मालिका थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली.

“कप्तान पडला,” भाऊ म्हणाला. “पार खाली. गेला बिचारा.”

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आत्याची कायम संध्याकाळची पाळी असायची. घरोघरी लोक ही ब्रिटिश विज्ञानमालिका बघत, तेव्हा ती कानाला हेडफोन लावून एकेकाला “थांबा, जोडून देते” म्हणत असायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी यानं, ग्रह आणि राक्षस. तिला त्यातलं काही ठाऊक नसायचं. निवृत्त झाले की पहिल्या भागापासून बघेन, असं ती म्हणायची. मालिका काही संपली नाही, तिच्यासाठी थांबून राहिली. इतक्या वर्षांनीही तिचे नवे भाग निघतच होते. डोळे मात्र थांबले नाहीत. दृष्टिपटल झिजत गेलं आणि आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळायचं.

सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून बघू, ही कल्पना भाचीची. मधूनच घुसायचं नाही, एकही भाग गाळायचा नाही, हा नियमही तिचाच. वर्णन करायचं काम भावाने आपणहून घेतलं होतं. पण तो सांगून होईपर्यंत पडद्यावर दुसरंच काही सुरू झालेलं असायचं. मग थांबवा, मागे न्या. कुणी कुरकुर करत नव्हतं. न केलेली कुरकुरही आत्याला ऐकू यायची.

भाग संपला. ती काठी चाचपत उठली.

“उद्यापासून तुम्ही तिघं बघा. मला आपला रेडिओ बरा. तो सगळ्यांना सारखंच वागवतो.”

“आत्या, कप्तानाचं काय होतं ते तरी ऐकून जा,” भाची म्हणाली.

“मेला ना तो? मग काय व्हायचंय त्याचं?”

पण भाचीने पुढचा भाग लावला होता. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि संपलं. त्यानंतर खोलीत कुणीच बोलेना. विचारायचं नाही, आत्याने स्वतःला बजावलं.

“टीव्ही बिघडला वाटतं,” भाऊ म्हणाला. “एकच फोटो दिसतोय. हलतच नाहीये.”

भाचीने मोबाइलवर शोधलं. “बिघडला नाही. या भागाचं चित्रच उरलेलं नाही. त्या काळी टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काहीतरी भरायचे. एका प्रेक्षकाने घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून आवाज तेवढा घेतला होता, म्हणून आवाज वाचला. पुढचे तीनही भाग असेच आहेत.”

“मग गाळ ते. नुसती खरखर काय ऐकायची?” भावाने रिमोट उचलला. त्याचं सैल झाकण खडखडलं.

“ठेव तो खाली,” आत्या म्हणाली. ती परत बसली होती.

टीव्हीतून खरखर येत होती. मधेच पावलं वाजली, कुठेतरी लोखंडी दार सरकलं, दोन माणसं कुजबुजली. एक किणकिण झाली.

“हे काय होतं?” भावजयीने विचारलं.

“ते यानातलं नाही. ज्याने टेप केलं त्याच्या घरात कुणीतरी बशीवर कप ठेवला.” आत्याने मान जराशी कलती केली. “आणि तिथे दोघं नाहीत, तिघं आहेत.”

“तिसरा कोण?”

“बोलत नाहीये तो. दाराशी उभा आहे. पण चालत आला तेव्हा त्याचा एकच बूट करकरला. कप्तान आहे.”

“ताई, कप्तान मेला,” भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला. “मी डोळ्यांनी पाहिलं.”

“तू पडताना पाहिलंस. तो एक बूट पहिल्या भागापासून करकरतोय.”

खरखरीतून एक खोल आवाज आला. दोघांची कुजबुज थांबली. कप्तान हसत होता.

भाऊ बायकोकडे वळून म्हणाला, “अख्ख्या शहराचे आवाज ओळखायची आमची ताई. नाव सांगायची गरज नाही. हॅलो म्हटलं की पुरे.” हे सगळं त्यानेच शिकवलं असावं, अशा थाटात तो बोलत होता.

“मग आता ऐकू द्या ना त्यांना,” भावजय म्हणाली.

भाचीने आवाज वाढवला. टीव्हीपुढे बसलेले तिघंही सरकत आत्याच्या कोचाजवळ आले. जिना उतरल्याचा आवाज झाला, वाफ सुटल्यासारखा फुस्कारा आला, काहीतरी जड ओढलं गेलं. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत कुणाचा तरी श्वास मात्र चालू होता.

“ताई, आता काय झालं?” भावाने विचारलं.

“कप्तान पकडला गेला की पळाला?” भावजय म्हणाली.

“आत्या, बूट ऐकू येतोय का?”

आत्या ताठ बसली. काठी तिने केव्हाच बाजूला ठेवली होती. जुन्या सवयीने तिचा हात कानापाशी गेला.

“थांबा,” ती म्हणाली. “जोडून देते.”