पलीकडचा नंबर

नदीची पातळी मोजणाऱ्या बाईंना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर शेजारच्या देशातून आलेलं आभाराचं पत्र होतं. पुराच्या आधी तुमच्या कार्यालयातून फोन आला, म्हणून काठावरच्या चार वस्त्या वेळेत हलवता आल्या, असं त्यात लिहिलं होतं.

“हा फोन तुम्ही केलात?”

“हो, साहेब.”

“परवानगी कोणाची होती?”

“कोणाचीच नव्हती. आपला अहवाल दोन्ही राजधान्या फिरून तिकडे पोहोचायला तीन दिवस लागतात. पाणी सहा तासांत पोहोचतं.”

साहेबांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. सरकारी माहिती परस्पर सीमेपलीकडे कळवली म्हणून मागे एकाची नोकरी गेली होती, हे बाईंना ठाऊक होतं.

“तिकडे फोन कोण उचलतं?”

“माझ्यासारखीच एक आहे, पातळी मोजणारी. चार वर्षं झाली फोन करतोय, पण आम्ही एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. तिची भाषा मला धड कळत नाही, पण आकडे कळतात.”

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

“तिचा नंबर लिहा.”

बाईंनी पेन उचललं नाही. “साहेब, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. त्या बिचारीला यात ओढू नका.”

“ओढत नाही हो,” साहेब म्हणाले. “उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर तिला फोन मलाच करावा लागेल ना?”