गिअरवर उतरलेली गाडी

"क्लच प्लेटचा पार कोळसा झालाय," म्हणत लालासाहेबानं ती काळी चकती ज्ञानूच्या हातात दिली. "हुंगून बघा."

ज्ञानूनं हुंगली. या जळक्या वासाची त्याला आता सवय झाली होती. कराड, विटा, इस्लामपूर, जिथं म्हणून एखादी स्पोर्ट्स कार क्लचच्या कामाला यायची, तिथं तो आणि चांदसाहेब एसटीनं जायचे. कराडच्या लालासाहेबासारखे गॅरेजवाले आपणहून फोन करायचे.

ज्ञानूची बायको बनुबाई गेल्यापासून हेच चाललं होतं. कुंडलच्या अलीकडं, घाट संपतो तिथं, ती वैरणीचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होती. गाडीनं उडवलं आणि गाडी निघून गेली. बघितलं कुणीच नाही. ऐकलं फक्त चांदसाहेबानं, कारण त्याचं घर वळणावरच. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. तो पोलिसांना म्हणाला, "स्पोर्ट्स गाडी हुती. ब्रेक न्हाई लावला, एकेक गिअर खाली पाडत उतरली. असल्या हौशी लोकांचा क्लच टिकत न्हाई. कवा ना कवा गॅरेजला येनारच. आवाज मी इसरायचा न्हाई."

पोलिसांनी प्रकरण गुंडाळलं. ज्ञानूनं मात्र बनुबाईच्या दहाव्याला चपला काढल्या त्या काढल्याच. गाडीवाला सापडेपर्यंत अनवाणी. त्याला मारायचं नव्हतं, कोर्टात खेचायचं नव्हतं. एवढंच विचारायचं होतं की बाबा, तू घडीभर तरी थांबला होतास का? ती काही बोलली का? पाणी मागितलं का?

"गाडी कुनाची म्हनायची?" चांदसाहेबानं विचारलं.

"इस्लामपूरच्या वीरधवलची. ऊस लय, हौस त्याहून लय. उतारावर पाचव्यातनं धाडकन तिसऱ्यात टाकायचं अन् क्लच अर्धा दाबून धरायचा. आवाज झाक येतो, पर प्लेट मरती. नवी बसवलीया. घ्या चक्कर."

चांदसाहेब चष्मा शोधू लागला. खिसे चाचपले, बाकडं बघितलं.

"काका, काखेत कळसा अन् गावाला वळसा," लालासाहेब म्हणाला. "कपाळावर हाय की."

ज्ञानू कितीतरी दिवसांनी हसला. चांदसाहेब हसला नाही.

आगाशिवाच्या डोंगराकडच्या उतारावर गाडी चालवताना चांदसाहेबाचा पाय ब्रेककडं गेलाच नाही. क्लच दाबून त्यानं गिअर मोकळा केला, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला टिचकी मारली, पुन्हा क्लच दाबला आणि मग खालचा गिअर टाकला. हुंऽ करून गाडी अलगद आवरली.

"दोनदा कशाला दाबतोस?" ज्ञानूनं विचारलं.

"जुन्या एसटीला लागायचं तसं, न्हाईतर गिअर करकरायचा. आता कुनी करत न्हाई. पायाची खोड हाय."

उतार संपला. ज्ञानू नेहमीसारखा त्याच्याकडं वळला.

"ह्योच का रं आवाज?"

"ह्यो न्हवं," चांदसाहेब नेहमीसारखं म्हणाला.

परतताना एसटीत तो ज्ञानूच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत राहिला. "पुरं कर आता, ज्ञानू. चपला घाल. माझ्यानं बघवत न्हाई."

"तू हायस म्हनून चाललंय, चांदभाई. सख्खा भाऊबी एवढ्यात दमला असता."

चांदसाहेबानं तोंड खिडकीकडं वळवलं.

चांदसाहेबाच्या घरी त्याची बायको हाजराबी अंथरुणावरच होती. तिच्या दुखण्यानं महिनाभर घराची रया गेली होती. चांदसाहेबानं स्वतःच चहा केला. दोघे बाहेर कट्ट्यावर बसले.

"भाभी सारखं आसिफचं नाव घेती," ज्ञानू म्हणाला. आसिफ हा चांदसाहेबाचा एकुलता एक, पुण्याला नोकरीला. ज्ञानूच्या खांद्यावर बसून त्यानं सगळे उरूस बघितले होते, अन् गाडी चालवायला बापाकडून शिकला होता.

"रजा न्हाई त्याला."

"रजा काय, मागितली की मिळती. कालच मी फोन केला त्याला. आईला बघून जा म्हनलं. निघालाय."

चांदसाहेबाच्या कपातला चहा बशीत सांडला. "तू कशाला फोन केलास?"

"मी न्हाई तर कोन करनार?"

तेवढ्यात घाटाकडून गाडीचा आवाज आला. हुंऽ करून ती वळणावर अलगद आवरली. ब्रेक वाजला नाही. दारात येऊन थांबली ती आसिफचीच साधी पांढरी गाडी. नवी घेतली तेव्हा बनुबाईनंच तिला ओवाळलं होतं.

आसिफ उतरला. पार वाळला होता. "ज्ञानूकाका," एवढंच म्हणाला आणि त्याचं पाऊल पुढं पडेना. ज्ञानूला भरून आलं. त्याला जवळ घ्यायला तो उठला.

चांदसाहेबानं ज्ञानूचं मनगट धरलं.

"ज्ञानू, ह्यो न्हवं," तो म्हणाला.

ज्ञानूनं अजून काही विचारलंच नव्हतं.