कर्णिकसाहेबांसाठी जागा

“ही जागा बाद,” सहदेवनी हात झटकून सांगितलं. “मधी खांब येतोय. तुज्या कर्णिकसायबाला खांबाचा फोटो काडायचाय का गाडीचा?”

“गाडीचाच, मामा.” श्रद्धा बांधावर टेकली. तिला धाप लागली होती.

“मंग ऊठ. वरची टेकडी बघू.”

सासरे काठी टेकत पुढे निघाले आणि सून हसू दाबत त्यांच्या मागे. कारण दादरचे कर्णिकसाहेब या जगात नव्हतेच. ते श्रद्धाच्याच डोक्यातून निघाले होते आणि आता त्यांच्या मागण्या पुरवता पुरवता तिच्याच नाकी नऊ आले होते.

सहदेव कर्जतला बँकरचे ड्रायव्हर होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जे इंजिन जोडतात, ते बँकर. गाडीतल्या लोकांना त्याचा पत्ताही नसतो. सगळी नोकरी अशी गाडीच्या शेपटाशी गेली, तरी माणूस खूश. निवृत्तीनंतर पळसदरीच्या घरातून शिट्टी ऐकली, की कोणती गाडी आणि किती उशिरा, हे कुणी न विचारता सांगायचे.

होळीनंतर एके दिवशी ते कर्जतच्या डॉक्टर हर्षलाबाईंकडे जाऊन आले आणि सरळ खाटेवर आडवे झाले.

“पाय कामातनं गेले,” म्हणाले. “रोज चाललो नाय तर कायमचं अंथरूण.”

एवढं सांगून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चालायचं नाव नाही. श्रद्धाचा नवरा रूपेश कुंभिवलीच्या कारखान्यात पाळ्या करायचा. तो समजावून थकला. शेजारचे लडकूकाका बोलवायला आले, त्यांनाही वाटेला लावलं. मात्र दारातल्या मामांच्या चपलांना सकाळी ताजी माती दिसायची. लडकूकाका त्याच पायात अडकवून शेतावर जात असणार, असं श्रद्धाला वाटे.

तिला स्वतःलाही बाहेर पडायची हौस नव्हती. गेल्या वर्षी बाळंतपणाला गेलेली ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली होती. तेव्हापासून अंगणात कुणी आलं, की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. पण ते राहू दे. इथे प्रश्न मामांचा होता. दवाखान्यात तिच्या उशाशी पेजेची वाटी धरून बसलेला माणूस डोळ्यांदेखत खाटेला खिळतोय, हे तिला सोसेना.

म्हणून तिने थाप मारली. मोबाइलवर एका साहेबांशी ओळख झालीय, घाटातल्या गाड्यांच्या फोटोंचं पुस्तक काढतायत, चांगल्या जागा विचारतायत.

खाट कुरकुरली. “त्यात बँकर दिसंल का?”

“त्यांना बँकरच हवाय.”

“मंग हितं पडून कसं सांगू? बगायला लागंल.” मग उठून बसत, “पन एकट्यानं नाय जमायचं. तू येशील?”

श्रद्धाने ओढणी डोक्यावर ओढली आणि खाली मान घालून निघाली. पहिल्या दिवशी धरणाच्या भिंतीपर्यंतच मजल गेली.

मग रोजच सुरू झालं. सहदेवनी कामाला वाहून घेतलं. रुळांपासून लांब उभं राहायचं, ऊन पाठीवर घ्यायचं आणि जागा अशी हवी, की वळणावर पुढचं इंजिन आणि मागचा बँकर एकाच फोटोत मावला पाहिजे. शिवाय फोटोत माणूस हवा, नाहीतर डोंगराची उंची कळत नाही. त्यामुळे ते खाली मोबाइल धरून उभे राहायचे आणि श्रद्धाला पार वरच्या कातळावर पाठवायचे.

“अजून वर! हात हलव! ओढणी काड गं डोक्यावरची, तोंड दिसूंदे!”

वाटेत डोंगरवाडीच्या चंद्राबाई करवंदांची पाटी घेऊन भेटत. सुरुवातीला श्रद्धा मामांच्या मागे लपायची. आता तीच लांबून हाक मारायची, “मावशी, आज जांभळं नाही का आणली?” घरी येईपर्यंत तिला कडकडून भूक लागायची. मामांनी कर्णिकसाहेबांचा नंबर एकदाही मागितला नाही, हे तिचं नशीबच. भोळा माणूस.

आज मात्र टेकडी चढताना सहदेव म्हणाले, “ही जागा जमली, का काम संपलं तुज्या सायबाचं.”

काम संपलं म्हणजे पुन्हा खाट, पुन्हा भिंत.

“त्यांना खोपोलीच्या फाट्यावरच्याही जागा हव्यात,” तिने ठोकून दिलं. “कालच म्हणाले.”

“लय हावरट सायेब दिसतोय,” मागे न बघता सहदेव म्हणाले आणि झपाझप वर गेले. श्रद्धा अर्ध्यावर पोचली, तर त्यांची काठी करवंदीच्या जाळीला लटकत होती. विसरले वाटतं. पाय इतके सुधारले, की काठीची आठवणसुद्धा राहिली नाही! तिला भरून आलं.

रविवार होता. माथ्यावर मुंबईकडची चार माणसं होती आणि त्यांच्यात, मुलाला पाणी पाजत, चक्क डॉक्टर हर्षला.

“श्रद्धा? तू? इतक्या वर?” त्या बघतच राहिल्या.

सहदेव पलीकडच्या टोकाला उभे होते. खालून गाडीची शिट्टी आली. लांबलचक गाडी वळण घेऊ लागली आणि तिच्या शेवटी बँकर जोर लावताना दिसला.

श्रद्धाने डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि दबल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. खाट, थाप, कर्णिकसाहेब, सगळं. सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

“तुम्ही चालायला सांगितलं होतंत ना, म्हणून केलं हो सगळं. बघा आता, कसे ताठ उभे आहेत. पाय बरे झाले ना त्यांचे?”

डॉक्टर गोंधळल्या. “पाय? त्यांच्या पायांना काय धाड भरलीय? मी तपासलेसुद्धा नाहीत. सून वर्षभर उंबरा ओलांडत नाही, तिला बाहेर कसं काढू, हे विचारायला आले होते ते माझ्याकडे.”