नटावरची पिवळी रेघ

टायर चार होते. प्रत्येकाच्या खाचेची खोली तीन ठिकाणी मोजायची: आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. बारा आकड्यांपैकी दहा ठीक आले. पुढच्या दोन टायरांच्या आतल्या कडांवर मोजायला रबरच उरलं नव्हतं, तारा उघड्या पडल्या होत्या.

तोगाशीने तिथे दोन शून्यं लिहिली.

गाडी हिरानुमा-सानची. जपानमधल्या सुझुका गावात औषधांचं दुकान चालवणारी ही बावन्न वर्षांची बाई सुट्टीच्या दिवशी सर्किटवर गाडी पळवायची. वसंतात याच गॅरेजात तोगाशीनेच या गाडीच्या चाकांचे कोन जुळवून दिले होते. आज आल्या आल्या तिने मोचीचा, तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. तुम्ही एवढं नीट जुळवून दिलंत आणि मी पुन्हा टायरांची वाट लावली, असं म्हणून वाकली. डबा आता कामाच्या टेबलावर होता. तिकडे बघायचं तो टाळत होता.

जूनमध्ये ती एकदा येऊन गेली होती. सरळ जायचं तर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागतं, असं तिचं म्हणणं. जेवणाआधी सात गाड्या उरकायच्या होत्या. तोगाशीने गाडी लिफ्टवर न घेताच सांगून टाकलं, की ही हाताची सवय आहे, आणि टायर जातात ते सर्किटच्या कडेच्या दगडांवर चढल्यामुळे. तिने ते वहीत लिहून घेतलं होतं.

"काल पोरींना सांगितलं, शरद ऋतूच्या शर्यतीत मला धरू नका," हिरानुमा-सान म्हणाली. चौघींचा संघ होता, सहा वर्षांचा. "म्हटलं, मी टायर खाते. त्या हसल्या. सोडू नकोस, असं मात्र कुणी म्हणालं नाही."

तोगाशीने पुन्हा कागद पाहिला. इथलं सर्किट जास्त करून उजवीकडे वळतं. हात वाईट असते, तर आधी डाव्या टायरची बाहेरची कड गेली असती. इथे दोन्ही आतल्या कडा सारख्याच गेल्या होत्या, म्हणजे चाकांचा कोनच बिघडला होता.

दिवा घेऊन तो लिफ्टवरच्या गाडीखाली शिरला.

चाकाची दिशा ठरवणाऱ्या दांडीवर एक नट असतो. तो पान्याने आवळायचा आणि मग नटावरून दांडीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, ही गॅरेजची रीत. रेघ म्हणजे काम झाल्याचा शब्द. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडची दोन तुकड्यांत, एकमेकांपासून बोटभर सरकलेली.

त्याला आठवलं. उजवा नट आवळून झाला होता, पेन हातात होतंच, म्हणून त्याने दोन्ही रेघा एकदम ओढल्या. डावा आवळणार तेवढ्यात फोन वाजला होता.

त्याने नटाला बोट लावलं. नट फिरला.

खिशात पाना होता, चिंधी होती. अर्ध्या मिनिटाचं काम. रेघ पुसायची, नट आवळायचा, नवी रेघ ओढायची. मालक आत फोनवर होते. हिरानुमा-सान टायरांपाशी उभी होती, मुलगा नापास झालेल्या आईसारखी, आणि गाडीखाली वाकून बघण्याइतकी भीड तिने अजून मोडली नव्हती.

"काही सापडलं का?" तिने विचारलं. "की माझेच हात?"

तोगाशी बाहेर आला. भिंतीपाशी गेला आणि तबकडी असलेला पाना काढला. किती जोर लागला, ते त्या तबकडीवर दिसतं.

"जरा गाडीखाली या," तो म्हणाला. "डोकं सांभाळा."

ती वाकून आत आली. त्याने पाना डाव्या नटावर बसवला आणि दांडा तिच्या हातात दिला.

"हा मी आवळायचा होता. आवळलेला असता तर पंचावन्नच्या आधी हलला नसता. सावकाश ओढा. नट हलेल तेव्हा काटा कुठे आहे, तेवढं मोठ्याने वाचा."

त्याने मान खाली घातली. तिथून त्याला तबकडी दिसत नव्हती.

तिने चष्मा लावला आणि दांडा ओढला.

"दोन," ती म्हणाली.