ऑइलचं झाकण

पिकअपमध्ये कुठलं इंजिन ऑइल घालायचं, यावरून दोघा भावांमध्ये दोन दिवस अबोला होता. आजवर ओळखीचा दुकानदार देईल ते मुकाट्याने घालायचे. त्याने दुकान बंद केलं आणि दोघांनाही अक्कल फुटली.

"आई, त्याला सांग, दिवसभर कपाटं वाहणारी गाडी आहे, तिला घट्ट ऑइलच लागतं," थोरला म्हणाला.

"आई, दादाला सांग, घट्ट घातलं तर सकाळी गाडी सुरू व्हायला रडेल," धाकटा म्हणाला.

शेवटी दोघेही आपापला डबा घेऊन गाडीपाशी आले. थोरल्याने बॉनेटखालच्या अंधारात चाचपून इंजिनवरचं झाकण फिरवून काढलं आणि गेली पाच वर्षं ठेवतो तसंच, आतली बाजू वर करून फडक्यावर ठेवलं. बरणीचं असो की इंजिनाचं, झाकणाच्या आतल्या बाजूला धूळ लागता कामा नये, ही आईने लहानपणीच लावलेली शिस्त.

आधी कोणी ओतायचं यावरून जुंपली, तशी आई बाहेर आली. तिने झाकण उचललं, पालथं केलं आणि चष्मा सावरला.

"अरे, यावर काहीतरी कोरलंय. तुमच्या डब्यांवर असतात तसलेच आकडे."

दोघांनी डोकी जवळ आणून वाचलं. कुठलं ऑइल घालायचं, ते गाडीवाल्या कंपनीने झाकणावरच लिहून ठेवलं होतं. आणि तो आकडा दोघांच्याही डब्यावर नव्हता.

 

आईने कपाळावर हात मारला. "जन्मात माझं एकच ऐकलंत, तेही नेमकं इथे!"